फॅन आर्ट टाकताना थरही उघडून दाखवूया

काजळरेघ

नमस्कार मंडळी,

चित्र वर चिकटवलं आहे. पात्राचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. प्रसंग मालिकेच्या शेवटच्या भागांतला आहे आणि बऱ्याच जणांचं अजून बघून व्हायचंय, तेव्हा ज्यांनी ओळखलं त्यांनी प्रतिसादात नाव फोडू नका, ही विनंती. न बघितलेल्यांसाठी एवढंच सांगते: रात्रीची वेळ, पहाऱ्यावर उभी असलेली एक बाई, हातात कंदील. ती ज्याची वाट बघतेय तो येणार नाही हे तिला कळून चुकलंय.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. फॅन आर्ट (आवडत्या पात्राचं चाहत्याने काढलेलं चित्र) आलं की आपण "वा", "कसलं भारी", "डोळे अप्रतिम" असं लिहितो आणि पुढे जातो. चित्र टाकणाराही सॉफ्टवेअरचं नाव लिहून मोकळा होतो. नव्याने शिकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. खरं तर शिकण्या-शिकवण्यासाठी फॅन आर्टइतका सोयीचा प्रकार दुसरा नाही, कारण मूळ पात्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं. तिचा चेहरा, कपडे, रंग बघणाऱ्याला पाठ असतात. मी काय ठेवलं, काय बदललं आणि कशासाठी, हे त्याला लगेच दिसतं. कल्पनेतलं नवं पात्र काढलं तर तुलना करायला समोर काही नसतं. म्हणून म्हणते, चित्रासोबत त्याचे थरही (प्रोग्रॅममध्ये एकावर एक रचलेले चित्राचे वेगवेगळे भाग) दाखवायची पद्धत पाडूया. सुरुवात माझ्यापासून.

आधी अगदी छोट्या चौकटींत गडद, मध्यम आणि फिकट असे तीनच टोन घेऊन मांडणी ठरवली. मालिकेत ह्या प्रसंगात चांदणं आहे, सगळं अंगण दिसतं. मी चांदणं काढून टाकलं आणि उजेडाचा उगम एकच ठेवला, तो कंदील. चेहऱ्यावर खालून उजेड पडला की हनुवटीचा खालचा भाग, नाकपुड्या, भुवईखालचा खोबणीचा भाग उजळतो, आणि कपाळ, गालांचा वरचा भाग अंधारात जातो. आपल्याला वरून येणाऱ्या उजेडाची सवय असल्यामुळे असा चेहरा भेसूर वाटतो. मला भीती नको होती, दुःख हवं होतं. म्हणून कंदील हनुवटीच्या सरळ खाली न धरता छातीच्या उंचीला, डावीकडे आणि शरीरापासून जरा लांब घेतला. तेवढ्या बदलाने भेसूरपणा गेला. छोट्या चौकटींमध्ये ह्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या आहेत, जरूर बघा.

उजेडाचा एक नियम इथे फार कामाला आला. लहान उगमातून निघालेला उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झालं की चौथा भाग उरतो, तिप्पट झालं की नववा. कंदिलापासून मनगट जितकं लांब आहे त्याच्या साधारण दुपटीवर हनुवटी येते आणि तिपटीवर कपाळ. म्हणजे मनगट झगझगीत, हनुवटी बरीच मंद आणि कपाळ जवळपास अंधारात. आकडे तंतोतंत पाळले असते तर डोळे दिसलेच नसते, आणि ह्या चित्रात डोळे जायला नकोत. पण उतरंड तीच ठेवली. कंदिलाच्या चित्रांत चेहरा आणि हात सारखेच उजळवले की उजेड खोटा वाटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता थर. सगळ्यात खाली सपाट रंग: त्वचा, केस, अंगरखा, कंदील, प्रत्येकाचा वेगळा थर. हे रंग मी दिवसाउजेडीचे घेतले, मूळ पात्राचे आहेत तसेच. त्यावर संपूर्ण आकृतीला क्लिप केलेला (म्हणजे तिच्या कडेबाहेर न जाणारा) एक मल्टिप्लाय थर, निळसर जांभळ्या रंगाने पूर्ण भरलेला. म्हणजे आधी सगळीकडे रात्र करून घेतली. मग त्या थराला मास्क (थराचा हवा तो भाग झाकणारा पडदा) लावून, जिथे कंदिलाचा उजेड पोचतो तिथे तिथे रात्र पुसत गेले. सावली रंगवत बसण्यापेक्षा उजेड उघडत जाणं मला जास्त नैसर्गिक वाटतं, आणि मास्क असल्यामुळे काहीही कायमचं पुसलं जात नाही.

मल्टिप्लायचं गणित साधं आहे. प्रोग्रॅम रंगाचे लाल, हिरवा, निळा हे घटक ० ते १ मध्ये धरतो आणि वरच्या थराचे आकडे खालच्या आकड्यांशी गुणतो. पांढरा म्हणजे १, त्याने काहीच बदलत नाही. ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. म्हणून मल्टिप्लायने चित्र गडदच होतं, उजळ कधीच नाही. सावलीसाठी करडा रंग घेतला तर तिन्ही घटक सारख्याच प्रमाणात खाली येतात आणि त्वचा मातकट दिसायला लागते. निळसर जांभळा घेतला तर हिरवा सगळ्यात जास्त कापला जातो, त्याखालोखाल लाल, आणि निळा बराचसा शाबूत राहतो. रात्र तिथून येते.

उजेड आणि सावलीच्या सीमेवर त्वचेत एक बारीक तांबूस पट्टा दिला आहे. जवळून बघितलंत तर गालावर आणि नाकाच्या कडेला दिसेल. उजेड त्वचेच्या पृष्ठभागावर थांबत नाही, थोडा आत शिरतो, आत पसरतो आणि पुन्हा बाहेर येतो. लाल प्रकाश त्यात सगळ्यात लांब जातो. कानाची पाळी उजेडाविरुद्ध धरली की लालभडक दिसते ती त्यामुळेच. तो पट्टा लपवून बघा, चेहरा लगेच प्लास्टिकचा वाटायला लागतो.

सगळ्यात वर ज्योतीभोवती ॲड मोडमध्ये (खालच्या रंगात वरचा मिळवून उजळवणारा मोड) मऊ ब्रशचा एक छोटा थर आहे. फक्त ज्योतीभोवती. हा मोड सगळीकडे फिरवला की चित्र धुरकट होतं.

पायऱ्यांची चित्रं ओळीने दिली आहेत. आता बोला.

रानपाखरू

वा! वाचनखूण साठवली. कंदिलाच्या काचेवर बोटांची जी अर्धपारदर्शक सावली आहे ना, तिच्यापाशी मी किती वेळ थांबले होते.

दोन प्रश्न. मागच्या खिडकीसाठी कुठला नारिंगी वापरलास? इतका उबदार दिसतोय. आणि रंग भरताना टोन बरोबर आहेत की नाही हे तू कसं तपासतेस? मी सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्यावर नेऊन बघते, पण तिथे सगळं ठीक वाटतं आणि रंगीत चित्र मात्र सपाटच दिसतं.

काजळरेघ

खिडकीत नारिंगी नाहीच गं. आयड्रॉपर (चित्रातला रंग उचलून दाखवणारं साधन) लावून बघ, जवळजवळ शुद्ध करडा निघेल, किंचित पिवळ्याकडे झुकलेला. आजूबाजूला इतका निळा आहे की तो उबदार भासतो. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशा तक्रारी होत्या. त्याच्या लक्षात आलं की दोष रंगात नाही, शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांमुळे डोळ्याला तसं भासतं. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं. डिजिटलमध्ये आपल्याकडे रंगांचं अख्खं चाक असतं, म्हणून हात लगेच भडक नारिंगीकडे जातो. तिथे खरा नारिंगी भरला असता तर खिडकी कंदिलाशी भांडली असती.

टोनचं कोणीतरी जाणकाराने सांगा, मी नुसती डोळे बारीक करून बघते.

अर्धवर्तुळ

टोनचं मी सांगतो, कारण ह्यात बरेच जण अडकतात.

रानपाखरू, तू सॅच्युरेशनची पट्टी शून्यावर नेतेस तेव्हा बऱ्याच प्रोग्रॅममध्ये रंगाची 'लाइटनेस' तेवढी उरते. ती काढायची रीत म्हणजे सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा घटक घेऊन त्यांची सरासरी. ह्या हिशोबाने शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघेही ५० टक्के येतात, म्हणजे एकच करडा! डोळ्याला मात्र पिवळा लख्ख दिसतो आणि निळा जवळपास काळोखा. तुझं करडं चित्र तुला चुकीची माहिती देतंय.

डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो, मग लाल, आणि निळा सगळ्यात कमी. एसआरजीबी ह्या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगप्रमाणात हे वजन साधारण हिरव्याला ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला ७ असं धरतात. प्रोग्रॅमनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम तोच राहतो.

उपाय सोपा आहे. सगळ्यात वर एक नवा थर घे, तो काळ्याने किंवा करड्याने पूर्ण भर आणि त्याचा मोड 'कलर' कर. आता दिसतं ते डोळ्याच्या हिशोबाचं करडं चित्र. थर बंद-चालू करत रंगवत राहायचं. क्रिता ह्या प्रोग्रॅममध्ये रंग काढून टाकणारा डिसॅच्युरेट फिल्टर उघडलास तर लाइटनेस, ल्युमिनॉसिटी असे पर्यायच मिळतात, तिथे ल्युमिनॉसिटी (डोळ्याला वाटणारा उजळपणा) निवड.

हे करून काजळरेघच्या चित्रावर बघितलं. अंगरखा आणि मागची भिंत करड्यात जवळजवळ एक होतात, पण अंगरख्याची उजळ कड तेवढी सुटून दिसते. आकृती तिथे एका रेघेवर उभी आहे. मला हे फार आवडलं.

चौकट

फार उपयोगी धागा. माझी अडचण जरा वेगळी आहे. टॅबलेटवर चित्र झळाळतं, आणि तेच इंटरनेटवर चढवलं की मेलेलं दिसतं. विशेषतः लाल. गेल्या वेळी पात्राच्या लाल गळपट्ट्याच्या कडा अशा फाटल्यासारख्या झाल्या की दोघांनी विचारलं, ब्रश कुठला? काय करावं?

अर्धवर्तुळ

ह्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात.

फिकेपणा हा रंगाच्या प्रोफाइलचा (फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे ह्याच्या नोंदीचा) मामला. हल्लीचे बरेच टॅबलेट डिस्प्ले पी३ ह्या विस्तृत रंगक्षेत्रात कॅनव्हास उघडतात. त्यातला लाल आणि हिरवा एसआरजीबीपेक्षा जास्त भडक-गहिरा असतो. फाइलसोबत प्रोफाइलची नोंद जाते, पण चढवताना ती कधी गळून पडते. मग समोरचं उपकरण तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचतं आणि रंग फिके पडतात. उपाय: नवा कॅनव्हास घेतानाच एसआरजीबी निवडायचा. आधीचं चित्र असेल तर एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत 'रूपांतर' करायचं. नुसता प्रोफाइलचा शिक्का बदलणं वेगळं आणि रूपांतर वेगळं, तिथे नीट बघ. सीएमवायके तर छापखान्यात जायचं असेल तरच.

गळपट्ट्याच्या कडांचा दोषी जेपीईजी. ते चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील गाळतं. शिवाय डोळा रंगापेक्षा उजेड-अंधार जास्त बारकाईने बघतो ह्याचा फायदा घेऊन रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी-उभी निम्म्या तपशिलाने साठवतं. गडद पार्श्वभूमीवर तांबडी कड असली की हे सगळ्यात जास्त उघडं पडतं, कारण तिथे फरक उजेडाचा कमी आणि रंगाचा जास्त असतो. म्हणून निळ्या गळपट्ट्याचं जे खपून गेलं असतं ते लाल गळपट्ट्याचं खपत नाही.

पीएनजी काहीच गाळत नाही, सपाट रंगांच्या आणि रेषांच्या चित्रांना तेच वापर. रंगवलेलं, पोत असलेलं चित्र पीएनजीत अवाढव्य होतं, तिथे जेपीईजीची गुणवत्ता वर ठेव आणि 'सबसॅम्पलिंग' असा पर्याय दिसला तर ४:४:४ निवड, म्हणजे रंगाचा तपशील निम्मा होत नाही. आणि चित्र लहान करायचं ते स्वतः करून मगच चढव. नाहीतर समोरची यंत्रणा लहानही करते आणि पुन्हा दाबतेही.

चौकट

४:४:४ केलं, गळपट्टा शाबूत! प्रोफाइलही पी३च निघाला. मनापासून धन्यवाद.

शाईचाडबा

चित्र सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'थर उघडून दाखवा' ह्याला माझा विरोध आहे.

अनुभव सांगतो. मी एका ठिकाणी थरांसकट फाइल ठेवली होती, कोणाला शिकायचं असेल तर शिकू दे म्हणून. काही काळाने तेच चित्र, माझी लाइनआर्ट (रेषांचं चित्र) तशीच, रंग बदलून दुसऱ्याच्या नावाने फिरताना दिसलं. विचारलं तर उत्तर काय, तर फाइल तुम्हीच दिली होती ना. तेव्हापासून मी शेवटचं चित्र टाकतो, तेही लहान, सहीसकट. शिकवायचं असेल तर तंत्रावर वेगळं लिहावं, स्वतःचं चित्र चिरून ठेवू नये.

काजळरेघ

हे वाचून वाईट वाटलं, खरंच. लाइनआर्ट उचलणं ही चोरीच आहे.

पण थर दाखवणं आणि थरांची फाइल देणं ह्यात मी फरक करते. वर मी पायऱ्यांची चित्रं दिलीत, मूळ फाइल दिलेली नाही. चित्राची लांब बाजू २००० पिक्सेलच्या आत आहे. पडद्यावर बघायला ते भरपूर होतं, पण ए४ आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. म्हणजे कोणी छापायला घेतलं तरी कामचलाऊच निघेल. सही कोपऱ्यात करत नाही, कोपरा कापला जातो. ती अंगरख्याच्या घडीत आहे, कापायची तर चित्र मोडावं लागेल. आडवा मोठा वॉटरमार्क मात्र मला नको. ज्याला बघायचंय त्याचंच चित्र आपण झाकतो आणि चोराला ते पुसता येतंच.

तंत्रावर वेगळं लिहावं हे पटत नाही. 'मल्टिप्लायने गडद होतं' हे वाक्य कुठेही सापडतं. ह्या चेहऱ्यावर, ह्या कंदिलासमोर मी जांभळाच का घेतला, हे फक्त ह्या चित्रापाशीच सांगता येतं. नकलेची भीती मला कळते. पण माझ्या पायऱ्या वाचून कोणी आपल्या आवडत्या पात्राला वेगळ्या उजेडात उभं केलं, तर माझं काही गेलं नाही, उलट मला हवं होतं तेच झालं.

शाईचाडबा

पायऱ्या आणि फाइल हा फरक मान्य. घडीतली सही आवडली, घेतो. बाकी माझं मत तूर्तास तसंच राहू दे.

जुनाकुंचला

ह्या चर्चेत थोडा इतिहास घालतो, कारण 'फॅन आर्ट म्हणजे इंटरनेटवरची पोरखेळ' असं मी बऱ्याचदा ऐकतो.

विज्ञानकथांच्या चाहत्यांनी हाताने छापलेल्या पत्रिकांमध्ये चाहत्यांची चित्रं कितीतरी आधीपासून येत होती. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत 'सर्वोत्कृष्ट फॅन आर्टिस्ट' हा पुरस्कार १९६७ पासून दिला जातो. त्याच वर्षी जॅक गॉघन ह्या चित्रकाराला व्यावसायिक आणि चाहता अशा दोन्ही गटांत पुरस्कार मिळाला होता. तेव्हा संगणकावर रंगवणं कोणाच्या आवाक्यात नव्हतं. टोकियोत कोमिकेट हा चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांचा मेळा १९७५ मध्ये सुरू झाला आणि आजही भरतो. आपण इथे करतोय ते त्याच परंपरेतलं आहे.

आता हक्कांबद्दल, कारण ते कोणी काढलं नाही. मूळ कलाकृतीवरून नवी कृती करायचा अधिकार मूळ निर्मात्याचा, हे १८८६ च्या बर्न करारात बसतं, आणि बहुतेक देशांचे कायदे त्याला धरून आहेत. फॅन आर्ट बरंचसं चालतं ते हक्कधारक डोळेझाक करतात किंवा उघड परवानगी देतात म्हणून. अनेक निर्माते आपलं धोरण लिहून ठेवतात: फुकट वाटायला हरकत नाही, विकायचं असेल तर अमुक अटी, अधिकृत बोधचिन्ह वापरायचं नाही, वगैरे. छापून विकण्याआधी ते शोधून वाचा. 'मी रंग बदलले, म्हणजे माझं झालं' हा समज मात्र सोडून द्या.

गुलबक्षी

जुनाकुंचला, अनुमोदन.

मूळ निर्मात्याचा उल्लेख सगळे करतात, पण दुसरे दोन उल्लेख राहून जातात. एक, पोझसाठी वापरलेला फोटो. तो कोणीतरी काढलेला असतो. दोन, दुसऱ्या चाहत्याची कल्पना. एखादीने पात्राला वेगळे कपडे दिले, ते सगळ्यांना आवडले आणि मग ते जणू मालिकेतच होते असं समजून सगळे काढायला लागतात. तिचं नाव पहिल्या चार चित्रांनंतर गळून पडतं. हे मी होताना बघितलंय.

ट्रेसिंगबद्दलही स्पष्ट बोलूया. स्क्रीनशॉटवरून रेघ मारून शिकायला काहीच हरकत नाही. चेहऱ्याची प्रमाणं हाताला कळतात. पण ते सरावाच्या वहीत राहू दे, किंवा टाकलंच तर 'ट्रेस केलंय' असं लिहून टाका. मी शिकवते ती पद्धत अशी: आधी ट्रेस करा, मग मूळ चित्र लपवून तेच आठवणीने काढा, मग दोन्ही एकमेकांवर ठेवा. कुठे घसरलात ते तिथे दिसतं, आणि बहुतेक वेळा घसरण डोळ्यांत नसते, कवटीच्या मागच्या भागात असते. नवशिके तो नेहमी कापतात.

रानपाखरू

कवटीचा मागचा भाग!! आत्ता माझी सगळी चित्रं उघडून बघितली. खरंच कापलाय, प्रत्येकात. आजपासून तिथे लक्ष.

पिंपळपान

यंत्राने (एआयने) तयार केलेली चित्रं 'फॅन आर्ट' म्हणून टाकली जातात, त्याचं काय करायचं? आणि आपली चित्रं त्या यंत्रांच्या शिकवणीत जाऊ नयेत म्हणून काही करता येतं का?

अर्धवर्तुळ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ग्लेझ नावाचं फुकट साधन काढलं. ते चित्राच्या पिक्सेलमध्ये असे बारीक बदल करतं की माणसाला चित्र जवळपास तेच दिसतं, पण यंत्राला शैली वेगळी वाटते. सपाट रंगांच्या चित्रांवर ते बदल डोळ्यांना जाणवतात, पोत असलेल्या चित्रात खपून जातात. ते कायमचं कवच आहे असं त्याचे निर्मातेही म्हणत नाहीत.

पहिल्याचं उत्तर हा धागाच देतोय. ज्याने छोट्या चौकटी, टोनचा निर्णय, मास्क हे सगळं दाखवलं, त्याला कोणी 'हे तू काढलंस का' असं विचारत नाही.

निळीदौत

काजळरेघ, टीका चालेल का? चालणार असेल तर चित्रावर रेघा मारून दाखवायची परवानगी हवी आहे. न विचारता कोणाच्या चित्रावर रंगवणं मला पटत नाही.

काजळरेघ

विचारलंस हे फार बरं केलंस. जरूर दाखव.

निळीदौत

दिलंय खाली. मुद्दा एकच: भिंतीवरची तिची सावली. तिची कड पायापासून डोक्यापर्यंत एकसारखी धारदार आहे. कंदिलाची ज्योत म्हणजे बिंदू नव्हे, तिला आकारमान आहे. अशा उजेडात सावली वस्तूला जिथे चिकटलेली असते तिथे धारदार आणि जसजशी लांब जाते तसतशी मऊ होते. तुझ्या चित्रात पाय भिंतीला लागून आहेत, डोकं भिंतीपासून बरंच पुढे आहे. तेव्हा पायांपाशी कड तशीच ठेव आणि खांद्यापासून वर विरघळू दे. मी डोक्याची सावली मऊ करून दाखवली आहे. आकृती भिंतीपासून सुटून पुढे येते, बघ.

काजळरेघ

बघितलं. खोली वाढली हे खरं. ती सावली धारदार ठेवण्यामागे माझा हेतू होता: भिंतीवर दुसरं माणूस उभं असल्याचा भास व्हावा, ज्याची ती वाट बघतेय तो. तू मऊ केल्यावर तो माणूस गेला. आता मधला मार्ग करून बघते, खांद्यांची कड विरघळवायची आणि डोक्याची तेवढी जरा ठाम ठेवायची. नियमाला धरून होणार नाही, पण नजर तिथे जाईल.

निळीदौत

हेतू आत्ता कळला. मग डोकं ठाम ठेवच.

शाईचाडबा

ह्या देवघेवीनंतर माझं मत जरा हललंय हे नोंदवतो. सावलीमागचा हेतू चित्रात मला दिसला नव्हता. पुढच्या चित्राच्या पायऱ्या टाकेन. फाइल नाही.

ओलीमाती

मी गेले काही महिने हा विभाग नुसता वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. माझ्याकडे पेन टॅबलेट नाही, फोन आणि बोट एवढंच. दाब ओळखला जात नाही, त्यामुळे रेघ सगळीकडे सारखीच जाड येते. तुमच्यासारखं रंगवायचं असेल तर आधी साधन घ्यावंच लागेल का?

गुलबक्षी

नाही गं, आत्ता नको घेऊस. दाबाचं सगळ्यात जास्त काम रेषेत असतं, म्हणून रेषेपासून सुरुवातच करू नकोस. लॅसोने (वेढा काढून निवडायच्या साधनाने) आकार निवड आणि तो रंगाने भर. आधी पूर्ण आकृतीची एक काळी छाया कर. ओळखू येते का बघ, मगच आत जा. मग त्या थराला अल्फा लॉक लाव, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही, आणि सावल्याही लॅसोनेच कापून भर. जिथे कड मऊ हवी तिथेच ब्लर किंवा मऊ रबर. रेघ लागलीच तर स्टॅबिलायझर (रेघेची थरथर कमी करणारी सोय) वाढव, जाड रेघ काढ आणि दोन्ही बाजूंनी खोडत बारीक कर. टोकं निमुळती होतात, दाब लागत नाही. बोटाखाली चित्र झाकलं जातं, म्हणून झूम करून काम कर, पण दर थोड्या वेळाने पूर्ण चित्र एकदा आरशातल्यासारखं आडवं उलटवून बघ. एक डोळा वर चढला असेल तर तिथे लगेच दिसतो.

छाया झाली की इथेच टाक. रंग त्यानंतर.